अडतीस परतीच्या चिठ्ठ्या

ताई चिडली की तिची बोटं संथ होतात. एरवी की-बोर्डवर ती अशी पळतात की शेजारच्या टेबलावर बसून काही काम करणं मुश्कील. पण राग आला की ती एकेक कळ मोजून दाबते, जणू प्रत्येक कळीखाली कुणाची तरी मान आहे. नवे साहेब आल्यापासून चार महिने मी शेजारून बहुतेक तोच आवाज ऐकला.

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणतात आणि पाठीमागे रेडिओ. तिच्या उजव्या कानातल्या हेडफोनमधून दिवसभर एक आवाज गळत असतो. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा आवाज. तो तिने इतका वेगवान करून ठेवलाय की आपल्याला ती भाषा वाटतच नाही, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं काहीतरी वाटतं. डावा कान ती आमच्यासाठी मोकळा ठेवते. एका कानाने यंत्रं ऐकायची, एका कानाने माणसं, आणि त्यातली यंत्रं कमी खोटं बोलतात, असं तिचं म्हणणं. रेडिओ हे नाव तिला माहीत आहे. ते कुणी ठेवलं हेही माहीत आहे. त्याचं कुठलंही काम ती अडवत नाही, फक्त त्याच्याशी बोलताना सुरुवातीला "आता ऐका बातम्या" म्हणते.

नोकरीला लागली तेव्हा तिला दिसत होतं. सव्विसाव्या वर्षी नजरेच्या कडा जायला लागल्या. आधी बाजूंनी, मग खालून. पायरी दिसेना, मग शेजारचा माणूस दिसेना. चौतिसाव्या वर्षी उरला तो खिडकीचा उजेड आणि त्यासमोरून कुणी गेलं तर एक गडद हालचाल. या आठ वर्षांत तिने ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. घरी जाऊन बोटं पाठ केली, आवाज पाठ केला, आणि आरोग्य केंद्रांतले अडतीसही सर्व्हर पाठ केले. कुठल्याचा पंखा कुरकुरतो, कुठल्याची डिस्क लवकर भरते, कुठल्या केंद्रातली परिचारिका वीज गेली की आधी यंत्राला शिव्या देते आणि मग फोन करते. आम्हाला कळलं ते ती एकदा बंद लिफ्टच्या दाराशी दहा मिनिटं उभी राहिली तेव्हा. दारावर चिकटवलेली सूचना तिला दिसली नव्हती. ती दहा मिनिटं आमच्यातले तिघेजण तिथून ये-जा करत होते. त्यातला एक मी.

काम साधं आहे सांगायला. अडतीस आरोग्य केंद्रं, प्रत्येकात एका कुलूपबंद कपाटात एक सर्व्हर, त्यात रुग्णांची कार्डं आणि औषधांचा साठा. तिथे एरवी आमच्यातलं कुणी जात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीतून ताई त्या यंत्रांत शिरते, कमांड टाईप करते, म्हणजे शब्दांत हुकूम देते, आणि यंत्र शब्दांत उत्तर देतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. अक्षरं डोळ्याने वाचा नाहीतर कानाने, यंत्राचं काही अडत नाही.

नव्या साहेबांचं अडलं. त्यांना ते काळं काही आवडलं नाही. त्यांनी एक पॅनेल आणलं. मोठ्या पडद्यावर नकाशा, नकाशावर अडतीस गोल. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. गोलावर माउस नेला की चित्रांची रांग उघडते, त्यातल्या चित्रावर दाबलं की काम होतं. आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, आता हे सगळ्यांना जमेल, कुणा एकावर अवलंबून राहायला नको, सगळ्यांना सोपं.

ताई पुढच्या खुर्चीवर होती. ते "सगळ्यांना" तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तिने विचारलं, मी एकदा बघू का. साहेब म्हणाले, अवश्य. तिने हेडफोनची तार काढून टाकली आणि आवाज मोठा केला, वेगही उतरवला, आम्हालाही कळावा इतका. मग एकेक कळ दाबत पॅनेलवर पुढे जात राहिली.

"बटण," आवाज म्हणाला. "बटण. बटण. चित्र. बटण. चित्र. बटण."

खोलीत कुणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं ते, तेवढा एक क्षण. मग थांबलं, कारण ती थांबेना. शंभराच्या वर बटणं होती आणि एकालाही नाव नव्हतं. बनवणाऱ्यांनी चित्रं काढली होती, चित्रामागे शब्द लिहायचे राहिले होते. फार तर अर्ध्या दिवसाचं काम. शेवटचं बटण वाजल्यावर तिने हेडफोन लावला आणि म्हणाली, "यातलं कुठलं दाबलं की तुमची खुर्ची जाते, तेवढं सांगून ठेवा. चुकून दाबलं जायला नको."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आवाज मऊ केला. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलतात तसा. म्हणाले, ताई, तुमची अडचण मी समजू शकतो, तुमच्याशेजारी कुणीतरी बसेल आणि काय दिसतंय ते सांगेल. आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी दप्तराचं काम बघतो. ताईला येणारे कागद वाचून दाखवतो, तेवढं माझं तिच्याशी काम. मी मान हलवली. कुणाच्या बाजूने हलवली हे मलाही त्या वेळी नीट कळलं नाही.

त्यानंतर हुकूम निघाला: पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी अकरा वाजता अडतीसही ठिकाणचा कमांडचा रस्ता बंद. यापुढे सगळं पॅनेलवरून. तो हुकूम मीच तिला वाचून दाखवला. तिने विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. तळाशी एक ओळ होती, "संबंधित कर्मचाऱ्यास सोयीचे अन्य काम देण्यात यावे." ती मी गिळली. दुसऱ्या दिवशी तिने तीच ओळ मला तोंडपाठ म्हणून दाखवली. कागद तिने बहिणीला फोनवरून वाचायला लावला होता.

"तुझ्या आवाजावरून कागद संपल्यासारखा वाटला नाही," ती म्हणाली. "पुन्हा असं केलंस तर तुझ्याकडून कागद वाचून घेणार नाही. मग तू इथे कशाला आहेस ते साहेबांना शोधावं लागेल."

सोयीचं अन्य काम म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तळमजल्यावर एक फोन होता. लोक विचारायचे अमुक खोली कुठे, आणि फोनवरच्या माणसाने सांगायचं.

तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. ती म्हणते, चित्रांशी माझं वैर असतं तर मी चित्रकाराशी संसार केला असता का. तो कमी बोलणारा माणूस. त्याने तीन रविवार खर्चून पॅनेलचा अख्खा पडदा पुठ्ठ्यावर काढला. घट्ट डिंकाच्या रेघांनी, वाळल्यावर बोटाला लागाव्यात अशा. प्रत्येक बटणाचा उंचवटा, प्रत्येकाची वेगळी खूण. ताईने तो पुठ्ठा ऑफिसात आणला आणि मांडीवर ठेवून चार दिवस त्यावर बोटं फिरवली. डावा हात पुठ्ठ्यावर, उजवा कळीवर. शंभर बटणं पाठ. पाचव्या दिवशी पॅनेल नवं झालं. पॅनेल बनवणाऱ्या कंपनीने आपोआप सुधारणा पाठवली, बटणं डावीकडची उजवीकडे गेली, काही तीन रेघांच्या एका चित्रात लपली. मी तिला ते सांगितलं. पुठ्ठा तिने उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला डबा ठेवला. तो अजून तिथे आहे, कडेला तेलाचे डाग पडलेत. नवऱ्याला तिने काय सांगितलं मला माहीत नाही. माझ्या डोक्यात तिच्यापेक्षा त्याच्यासाठी जास्त तिडीक गेली. तीन रविवार.

तिने साहेबांना तीन पानी पत्र लिहिलं. पहिलं पान बटणांना नावं द्या म्हणून. दुसरं, पॅनेल दाखवतं ती सर्व्हरची आत्ताची स्थिती नसते, शेवटची कळलेली स्थिती असते, म्हणजे यंत्राशी बोलणं तुटलं तरी गोल हिरवाच राहतो. तिसऱ्या पानावर असं की हे पॅनेलसुद्धा यंत्रांत शिरतं ते कमांडच्याच रस्त्याने. वर चित्रं असली तरी खाली तेच चालतं. तिने कंपनीत फोन करून खात्री केलीय. रस्ता सरसकट बंद केलात तर पॅनेलही बाहेर राहील. त्याखाली तिने लिहिलं होतं की पॅनेलच्या यंत्रापुरता रस्ता उघडा ठेवता येतो, एका ओळीचं काम आहे, सांगाल तर मी करून देते.

हे वाचताना मी तिला म्हटलं, ताई, ही ओळ कशाला? ही नसली तर त्यांना तुझ्याशिवाय चालणारच नाही.

ती म्हणाली, "मला त्यांना अडवायचं नाहीये. मला माझं काम करायचंय."

साहेबांनी पहिलं पान वाचलं असावं, कारण त्यांनी पुन्हा आवाज मऊ केला. दुसऱ्या-तिसऱ्या पानाला टाचणीमुळे पडणारी घडीसुद्धा पडली नव्हती. पत्र दप्तरी ठेवायला माझ्याकडे आलं तेव्हा मी पाहिलं.

या कामातली तिची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लांबच्या यंत्राच्या दारात बदल करताना एक धोका असतो. चुकीचं दार लावून बसलात तर तुम्ही स्वतःच बाहेर. मग गाडी काढून त्या केंद्रावर जायचं, कपाट उघडायचं. म्हणून ताई असं काही करायच्या आधी त्या यंत्रात एक हुकूम ठेवून यायची: अमुक वाजता, मी येऊन हे रद्द केलं नाही, तर सगळं होतं तसं परत कर. काम नीट झालं तर आत जाऊन हुकूम पुसायचा. बाहेर राहिलात तर वाट बघायची, यंत्र आपणच दार उघडतं. याला ती परतीची चिठ्ठी म्हणायची. एकोणीस वर्षांत एकदाही तिने चिठ्ठीशिवाय दाराला हात लावला नव्हता, आणि दर वेळी चिठ्ठी ठेवली की साहेबांना दोन ओळींची मेल. आधीचे साहेब त्यावर "बरं" एवढंच लिहायचे.

त्या बुधवारीही तिने पावणेअकराला अडतीस चिठ्ठ्या ठेवल्या, साडेअकराच्या. दोन ओळींची मेल गेली. उत्तर आलं नाही.

अकराला साहेबांनी सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर उभं केलं, "सर्व ठिकाणी लागू करा" वर माउस नेला आणि दाबलं. अडतीस गोल क्षणभर फिरले आणि हिरवे राहिले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रेडिओ नाव ठेवणाराच असावा. ताई आपल्या जागी बसून होती. तिच्या हेडफोनमधून तेच एक लहानसं वाक्य पुन्हा पुन्हा गळत होतं. यंत्र उत्तर देत नाही. यंत्र उत्तर देत नाही. ती एकेक करत सदतीस नंबरपर्यंत गेली, अडतिसावाही तपासला, मग हात मांडीवर ठेवले.

अकरा वीसला फोन वाजला. एकोणीस नंबरच्या केंद्राची परिचारिका. रुग्णांची कार्डं उघडत नाहीत. साहेबांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला, कारण दाखवायची हीच वेळ होती. एकोणीस नंबरचा गोल हिरवा होता. ते म्हणाले, इथे तर ठीक दिसतंय. परिचारिका म्हणाली, इथे नाही. त्यांनी "पुन्हा सुरू करा" चं चित्र दाबलं. गोल फिरला, हिरवा झाला. बघा आता. बघितलं, बंदच आहे. पुन्हा दाबलं. फिरला, हिरवा झाला.

"साहेब," फोनमधून आवाज आला, "तुमचं हिरवं तुमच्यापाशी ठेवा. माझ्या दारात चाळीस माणसं उभी आहेत, कुणाला कुठलं औषध चालत नाही ते त्या डब्यात आहे. रेडिओवाल्या ताई कुठायत?"

ती दोन गावं पलीकडची बाई. तिच्यापर्यंतही ते नाव पोहोचलं होतं. ताई म्हणाली, "इथेच आहे. दहा मिनिटं थांब. कुठलं औषध चालत नाही ते विचारल्याशिवाय कुणाला सुई देऊ नकोस."

ती दहा मिनिटं साहेब दाबत राहिले. फिरला, हिरवा झाला. माउसचा तो टिकटिक आवाज माझ्या डोक्यात बसलाय, अजून कुणी दारात नखं वाजवली की मी दचकतो.

साडेअकराला अडतीस यंत्रांनी आपापली चिठ्ठी वाचली आणि दारं उघडली. ताईची बोटं पळाली. एकोणीस नंबर, आत. डिस्क काठोकाठ भरलेली, त्यात कार्डांच्या कामाला श्वास घ्यायला जागा नाही. हे शंभर वेळा पुन्हा सुरू केलं असतं तरी झालं नसतं. तिने जुन्या नोंदींच्या फायली हलवल्या, जागा केली, कार्डांचं काम पुन्हा सुरू केलं. चार मिनिटं लागली. फोनमधून परिचारिका म्हणाली, आलं.

आणि साहेबांनी माउस सोडून हात वर केले. त्यांनीही त्याच क्षणी सातव्यांदा दाबलं होतं. "झालं बघा," ते म्हणाले. "जरा वेळ घेतं, पण पॅनेल करतं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं, आणि ती आग माझी होती. ताई शांत होती. उठली, टेबलांच्या कडांना बोट लावत मोठ्या पडद्यापर्यंत आली. तिथे तिने सगळ्यांसमोर सांगितलं, चिठ्ठ्या, डिस्क, रस्ता, तिसरं पान. साहेबांचा चेहरा बदलला, पण वेगळ्याच कारणाने. म्हणजे तुम्ही परवानगीशिवाय चोरदार ठेवलंत, ते म्हणाले. यावर लेखी खुलासा लागेल.

"पावणेअकराची मेल उघडा," ताई म्हणाली. "आणि नंतर पुन्हा सगळ्या ठिकाणी लागू करा. आता चिठ्ठी नाही. एकही नाही. दाबा."

साहेबांचा हात माउसवर होता. बोटाखाली बटण होतं. सगळी खोली त्या बोटाकडे बघत होती, आणि जिला ते दिसत नव्हतं ती एकटी टिकटिक ऐकायला डावा कान पुढे करून उभी होती. ती ऐकू आली नाही. हात माउसवरून काढून साहेब म्हणाले की हा विषय आपण शांतपणे बघू.

शांतपणे बघितलं ते असं. सोमवारी माझ्याकडे एक कागद आला, ताईची सही घ्यायची होती. साहेबांनी मला दारातच सांगितलं, त्यांच्या फायद्याचाच आहे, फार वाचत बसू नका. मी तो तिच्या टेबलाशी नेला आणि वाचला. कमांडचा रस्ता ताईपुरता सुरू ठेवण्यात येत आहे. इथपर्यंत ठीक. पुढची ओळ आली. मला ती दिसत होती, तिच्या आधीचा विराम मी जरा लांबवला. मग वाचली.

"सदर कर्मचाऱ्याची शारीरिक असमर्थता लक्षात घेऊन, सहानुभूतीपूर्वक."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचली.

"बुधवारचं काही?"

"नाही."

"एकोणीस नंबर?"

"नाही, ताई."

मी म्हटलं, कागदावर काय का असेना, रस्ता तर राहतोय. सही कर. तिच्या बहिणीनेही हेच सांगितलं असतं, मला खात्री आहे. शहाणी माणसं हेच सांगतात. ती म्हणाली की आज सहानुभूती आहे म्हणून रस्ता आहे. उद्या तिसरा साहेब येईल, त्याला सहानुभूती नसेल. यंत्र खोटं बोलतंय का हे आत जाऊन विचारायला कुणीतरी लागतं, म्हणून रस्ता लागतो. ते लिहायला यांचा हात का थरथरतो?

तिच्या खणात सहीची एक पट्टी असते. नवऱ्याने कापलेला जाड पुठ्ठा, मधोमध एक लांबट खाच. कागदावर योग्य जागी ठेवली की खाचेतून सही सरळ येते. ती पट्टी काढून तिने माझ्या हातात दिली.

"त्या ओळीवर ठेव."

"सहीची जागा खाली आहे."

"मला माहितीये जागा कुठे असते."

मी पट्टी त्या ओळीवर ठेवली. दोन्ही टोकांना खाच नीट जुळवली, एका अक्षराचाही काना बाहेर राहू दिला नाही. तिने पेन घेतलं, खाचेच्या डाव्या कडेला टेकवलं आणि उजव्या कडेपर्यंत ओढत नेलं. मग परत. कागद खाली फाटत आला होता. नंतर पट्टी तिने स्वतः उचलली, खण लावला, आणि सही न करता कागद माझ्याकडे सरकवला.

मी तो साहेबांकडे नेला. साहेबांनी रेघ पाहिली आणि विचारलं, हे त्यांनी कसं केलं, त्यांना तर ओळ दिसत नाही.

"मी दाखवली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लिफ्टच्या दाराशी उभ्या असलेल्या तिच्याकडे बघून मी गप्प पुढे गेलो होतो, तसं या वेळी केलं नाही. मला उत्तर द्यायचं होतं, आणि मी दिलं होतं.

नवा हुकूम निघायला नऊ दिवस लागले. त्यात लिहिलं होतं की पॅनेलवरील स्थितीची प्रत्यक्ष पडताळणी करण्यासाठी रस्ता सुरू राहील. एका ओळीला नऊ दिवस. मी वाचला, ताईने ऐकला, तळ आला का म्हणून विचारलं, मी खरंच आला म्हणून सांगितलं, आणि तिने सही केली. ती खूश झाली नाही. कशाला व्हावं? जे तिचंच होतं ते नऊ दिवस उशिरा परत आलं होतं, आणि ज्यांनी काढून घेतलं त्यांच्या सहीने आलं होतं.

आता ती दर सोमवारी कंपनीला एक यादी पाठवते. एकशे बारा बटणं, क्रमांकासहित, एकालाही नाव नाही. उत्तर येत नाही. सोमवारी सकाळी ती हेडफोनची तार काढते, आवाज मोठा करते, आणि पॅनेलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जाते. कुणी हसत नाही. "बटण," आवाज म्हणतो. "बटण. बटण." तिची बोटं संथ असतात, आणि साहेबांच्या केबिनचं दार तेवढा वेळ बंद असतं.